मोगरा पुन्हा पुन्हा फुलवायचा असेल तर



आज आपण मोगऱ्याविषयी बोलणार आहोत. मोगरा ठाऊक नाही असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. परसात, तुळशीजवळ, विहिरीच्या कडेला कुठं ना कुठं एखादं झुडूप असतंच. पण याच झुडपाबद्दल एक तक्रार गावोगाव ऐकू येते. "झाड चांगलं डोक्याएवढं झालंय, पानं हिरवीगार आहेत, पण फुलं म्हणाल तर चैत्रात चार दिवस येतात आणि मग वर्षभर नाव नाही."

आता मोगरा हे काही वर्षातून एकदाच फुलणारं झाड नव्हे. आंब्याला मोहोर एकदा येतो, मोगऱ्याचं तसं नाही. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तो एकामागून एक असे तीन-चार बहार देऊ शकतो, आणि पावसानं उघडीप दिली तर नंतरही थोडी फुलं येतात. मग आपल्या परसातला मोगरा एकदाच फुलून गप्प का बसतो? याचं कारण झाडात नाही, आपण त्याला जसं वाढवतो त्यात आहे. तेवढं समजलं की घरच्या देवाला फुलं मिळतील, आणि चार-पाच गुंठे लावणाऱ्याला उन्हाळ्याच्या दिवसांत रोजचा पैसा हाती येईल.

फूल कुठं येतं ते आधी पाहा

उद्या सकाळी मोगऱ्याजवळ जा आणि कळी कुठं लागली आहे ते नीट पाहा. जुन्या, तपकिरी, लाकडासारख्या फांदीवर कळी दिसणार नाही. कळी येते ती नव्या, हिरव्या, कोवळ्या फुटीच्या टोकाला. बहुधा तीन कळ्यांचा झुबका असतो. मधली कळी आधी फुलते, मग बाजूच्या दोन. काही जातींत झुबक्यात जास्तही कळ्या असतात.

त्या कळ्या फुलून गेल्या की त्या फुटीचं काम संपलं. ती फांदी पुढं सरळ वाढत नाही. मग खालच्या पानांच्या बेचक्यातून नवी फूट निघते, आणि त्या नव्या फुटीच्या टोकाला पुन्हा कळ्या येतात.

म्हणजे हिशेब सोपा आहे. नवी फूट आली तर फुलं येणार. फूट आली नाही तर झाड कितीही हिरवं असो, फुलं येणार नाहीत. फूट आपोआप येईल म्हणून वाट पाहत बसलात तर ती थोडी येते, बारीक येते आणि जेव्हा यायची तेव्हा येते. छाटणी केली, ताण दिला आणि मग खतपाणी दिलं, तर ती जोमदार येते आणि एका वेळी येते. डाळिंब, मोसंबीचा बहार धरणाऱ्यांना हे नवीन नाही. मोगऱ्याचाही बहार धरावा लागतो, एवढंच.

हिरवंगार झाड आणि रिकामी परडी

परसातला मोगरा बहुतेक घरी न्हाणीच्या पाण्यावर लावलेला असतो. न्हाणीचं पाणी बारा महिने वाहतं. झाडाच्या बुडाशी माती कायम ओली. अशा झाडाला कधी विश्रांतीच मिळत नाही. ते पानं करत राहतं, फांद्या लांब करत राहतं. त्यात घराची नाहीतर शेवग्याची सावली असली की झालंच. शिवाय पिकाला टाकून उरलेला मूठभर युरिया कुणीतरी बुडात टाकतो. पाणी, सावली आणि युरिया तिन्ही एकत्र आले की मोगरा काळाभोर हिरवा दिसतो. पाहणारा म्हणतो, काय झाड आहे! पण फुलं मात्र मोजकीच.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे ऊन. मोगऱ्याला दिवसाकाठी निदान सहा तास उघडं ऊन हवं. दुसरी गोष्ट, पाण्याचा निचरा. तिसरी, नुसत्या युरियाचा मोह नको. आणि न्हाणीचं पाणी द्यायचंच असेल तर त्याला चर काढून दिशा द्या, म्हणजे हवं तेव्हा ते दुसरीकडे वळवता येईल. साबणाचं पाणी सदा बुडात साचू देऊ नका.

लागवड

नव्यानं लावणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मोगरा हलक्या ते मध्यम, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत उत्तम येतो. कोकणातली तांबडी माती त्याला मानवते. घाटावरच्या भारी काळ्या रानात लावायचा तर सपाट वाफ्यात लावू नका. वरंबे किंवा उंच गादीवाफे करून त्यावर लावा, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतात.

उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे काढून ते तापू द्या. मग एक घमेलं, म्हणजे सुमारे दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत वरच्या मातीत मिसळून खड्डा भरा. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकू नका, त्यानं हुमणी आणि वाळवी येते. दोन झाडांत आणि दोन ओळींत चार-चार फूट अंतर ठेवा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा चार फुटांच्या अंतरानं गुंठ्याला सुमारे ६८ झाडं बसतात. पाच गुंठ्यांत ३४० झाडं झाली. एका घरच्या माणसांना सकाळी तोडणी उरकेल एवढीच झाडं लावा. मजूर लावून तोडायचं म्हटलं तर पहाटे माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही.

मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. रोपं फाटे कलमानं किंवा दाब कलमानं करतात. पाऊस सुरू झाला की ना फार कोवळी, ना फार जून अशी फांदी निवडा. तिचे सहा ते आठ इंचांचे, तीन-चार डोळे असलेले फाटे घ्या. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा, आणि वाळू-माती मिसळलेल्या पिशवीत तिरके लावून सावलीत ठेवा. घरच्यापुरती दोन-चार झाडं हवी असतील तर दाब कलम बरं. जमिनीलगतची फांदी वाकवायची, डोळ्याच्या खाली इंचभर साल तासायची, तो भाग दोन-तीन इंच मातीत दाबायचा, वर दगड ठेवायचा आणि शेंडा बाहेर मोकळा ठेवायचा. तीन-चार महिन्यांत मुळ्या सुटतात. मग आईपासून तोडून लावा.

कलम घेताना एक पथ्य पाळा. जे झाड भरपूर फुलतं त्याचंच कलम घ्या. आईचे गुण कलमात जसेच्या तसे उतरतात. पानं करणाऱ्या झाडाचं कलम पानंच करणार.

जातींचं म्हणाल तर एकेरी साधा मोगरा, गोल ठेंगण्या कळीचा बटमोगरा, लांबट टोकदार कळीचा मदनबाण आणि भरपूर पाकळ्यांचा हजारी मोगरा अशा जाती आपल्याकडे ओळखल्या जातात. नावं गावागावाला बदलतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. विक्रीसाठी लावणार असाल तर आधी जवळच्या बाजारात जाऊन हारवाल्यांना विचारा की गजऱ्याला कोणती कळी खपते. खपणाऱ्या कळीचं झाड डोळ्यांनी पाहून मगच कलमं आणा.

पहिल्या वर्षी फुलांचा हिशेब धरू नका. लागवडीनंतर सहा महिन्यांनी थोड्या कळ्या येतील, पण लक्ष फांद्या वाढवण्याकडे द्या. शेंडे खुडत राहा, म्हणजे झाड उंच न जाता बुडापासून पसरेल. खरं उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून धरा. त्यापुढं नीट राखलेलं झुडूप दहा-बारा वर्षं साथ देतं.

ताण आणि छाटणी

आता मुख्य कामाकडे येऊ. मोगऱ्याची मोठी छाटणी वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरअखेरपर्यंत करावी. थंडीत मोगरा तसाही विसावलेला असतो. जुईची छाटणी जानेवारीच्या अखेरीस करतात. ती वेळ मोगऱ्याला लावलीत तर पहिला बहार मागं पडतो.

छाटणीआधी ताण द्यायचा. ताण म्हणजे पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत आठ-दहा दिवस, मध्यम जमिनीत पंधरा दिवस आणि भारी जमिनीत तीन आठवड्यांपर्यंत. पानं मलूल होतील, काही पिवळी पडून गळतील. घाबरू नका, तेच हवं आहे. मात्र फांदीची साल सुरकुतायला लागली तर ताण जास्त झाला असं समजा आणि लगेच छाटणी करून हलकं पाणी द्या.

छाटणीची कात्री धारदार हवी. बोथट कोयत्यानं ठेचून तोडलेली फांदी मागं वाळत जाते. आधी वाळलेल्या, रोगट, आत वळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा. मग उरलेल्या चांगल्या फांद्या जमिनीपासून दीड फुटावर कापा. काप डोळ्याच्या पाव इंच वर, थोडा तिरका घ्या, म्हणजे त्यावर पाणी थांबणार नाही. डोळा बाहेरच्या बाजूचा निवडा, म्हणजे नवी फूट बाहेर पसरेल आणि झुडपाच्या पोटात ऊन-वारा खेळेल. उरलेली पानं हातानं ओरबाडून न काढता एक-एक खुडून टाका. अंगठ्याएवढ्या जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा.

इथं घरात वाद होतो, हे मला ठाऊक आहे. म्हातारी माणसं म्हणतात, "फुलतं झाड कापू नये, पाप लागतं." त्यांचा जीव झाडात असतो म्हणूनच ती असं बोलतात. त्यांना दुखवू नका. घरात दोन झुडपं असतील तर यंदा एकच छाटा. एप्रिलमध्ये दोन्ही झाडांच्या फुलांच्या परड्या शेजारी ठेवा. पुढच्या वर्षी आजी स्वतः कात्री आणून देतील.

विक्रीसाठी मळा असेल तर आणखी एक गोष्ट. सगळी झाडं एकाच दिवशी छाटू नका. मळ्याचे तीन भाग करा. पहिला भाग नोव्हेंबरच्या अखेरीस, दुसरा डिसेंबरच्या मध्याला आणि तिसरा डिसेंबरच्या अखेरीस छाटा. ताणही त्याच क्रमानं द्या. सगळ्यांचा मोगरा एकदम बाजारात आला की भाव कोसळतो, आणि तोडणीची मजुरी तर तेवढीच राहते. तीन टप्प्यांत छाटलं की फुलंही टप्प्याटप्प्यानं येतात. एखादा आठवडा भाव पडला तरी सगळा बहार त्यात सापडत नाही, आणि पहाटे तोडणाऱ्या हातांवरही एकदम भार येत नाही.

खत आणि पाणी

छाटणी झाली की झाडाभोवती तीन-चार इंच खोल चाळणी करा, तण काढा आणि आळं बांधा. मुळं तोडेल इतकी खोल कुदळ मारू नका. आळ्यात झाडामागं एक घमेलं शेणखत टाका.

तीन वर्षांवरच्या पूर्ण वाढलेल्या झुडपाला वर्षाला ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद आणि १२० ग्रॅम पालाश द्यावं अशी शिफारस आहे. ही मात्रा दोन हप्त्यांत द्यायची. एक छाटणीनंतर आणि दुसरी जून-जुलैत. आपल्या मापात सांगायचं तर दर हप्त्याला झाडामागं युरिया ६५ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ३७५ ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश १०० ग्रॅम. लहान झाडांना याच्या चौथाईपासून सुरुवात करा. खत बुंध्याला चिकटून टाकू नका. वीतभर अंतरावर गोल पसरून मातीत मिसळा आणि मग पाणी द्या. कोकणात मुसळधार पावसात टाकलेलं खत ओढ्यात जातं, तिथं दुसरा हप्ता पावसानं उघडीप दिल्यावर द्या. माती तपासून घेतली असेल तर त्या अहवालाप्रमाणे मात्रा कमी-जास्त करा.

छाटणीनंतरचं पहिलं पाणी हलकं द्या. मग वाफसा पाहून पुढची पाणी. थंडीत आठ-दहा दिवसांनी आणि उन्हाळ्यात जमिनीप्रमाणे तीन ते पाच दिवसांनी. कळ्या दिसायला लागल्यावर मात्र पाणी चुकवू नका. या वेळी पाण्याची ओढ बसली तर कळ्या बारीक राहतात आणि गळतात. उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळा, भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट पसरलं तर ओल टिकते आणि एखादी पाण्याची पाळी वाचते.

पहिला बहार संपल्यावर

बहुतेकांचं चुकतं ते इथं. पहिला बहार मार्चमध्ये येतो, आठ-पंधरा दिवस तोडणी चालते, फुलं कमी होतात आणि मग झाडाकडे कुणी फिरकत नाही. खरं तर दुसऱ्या बहाराची तयारी त्याच दिवसांत करायची असते.

फुलून गेलेल्या फुटींचे शेंडे, खालची पानांची एक-दोन जोड्या सोडून, खुडून टाका. याला कात्रीसुद्धा लागत नाही, नखानं खुडलं तरी चालतं. झाडावर सुकलेली फुलंही काढा. मग हलकी खुरपणी करा, झाडामागं दोन ओंजळी गांडूळखत किंवा चाळलेलं शेणखत द्या आणि पाणी सोडा. पानांच्या बेचक्यातून नव्या फुटी निघतील आणि साधारण महिना-दीड महिन्यात पुन्हा कळ्या दिसतील. तो बहार संपला की पुन्हा हेच. असं दर बहारानंतर करत गेलं की पाऊस लागेपर्यंत झाड थांबत नाही.

म्हणजे मोठी छाटणी वर्षातून एकदा आणि शेंडेखुडी प्रत्येक बहारानंतर. या दोन कामांत मोगऱ्याचं सगळं गणित आलं.

कीड आणि रोग

मोगऱ्याला सर्वांत जास्त त्रास कळीच्या किडींचा. कळी पोखरणारी अळी कळीला भोक पाडून आतला भाग खाते आणि शेजारच्या कळ्या जाळीनं एकमेकींना चिकटवते. दुसरी कळीमाशी. हिच्या अळ्या कळीच्या बुडाशी राहतात. कळी बुडाला फुगते, गुलाबी-जांभळी पडते आणि न फुलताच वाळते.

अशी कळी दिसली की ती तिथंच टाकू नका. खाली पडलेली कळी म्हणजे पुढच्या पिढीचं घर. रोज तोडणी करताना दुसरी एक पिशवी कमरेला बांधा, किडक्या कळ्या तिच्यात टाका आणि बांधाबाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. झाडाखालची माती अधूनमधून हलवत राहा, म्हणजे मातीतले कोष उन्हानं आणि पाखरांनी मरतील. कळ्या अगदी बारीक असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, त्यात चमचाभर साबणाचा चुरा घाला आणि एकूण दहा लिटर पाणी करा. संध्याकाळी फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

कडक उन्हात पानांवर बारीक पिवळसर ठिपके दिसले आणि पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी असली तर तो लाल कोळी समजा. पानांच्या खालून जोरात पाणी मारलं तर तो बराच कमी होतो. जास्त असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. भर उन्हात गंधक फवारलं तर पानं करपतात.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं नव्या पानांवर दिसलं तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी होतं. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि झाड एकाएकी वाळलं, बुंध्याशी पांढरी बुरशी दिसली, तर ते झाड मुळासकट उपटून जाळा, आजूबाजूला पाणी साचत असेल तर ते आधी काढा आणि त्याच जागी लगेच नवं झाड लावू नका.

विषारी औषधांबद्दल एक विनंती. मोगऱ्याचं फूल बायका-मुली डोक्यात माळतात, देवाला वाहतात, लहान मूल हातात घेऊन नाकाला लावतं. ज्या झाडाची उद्या तोडणी आहे त्यावर आज औषध मारू नका. फवारायचंच झालं तर तोडणी उरकल्यावर, डब्यावरच्या सूचना वाचून आणि सांगितलेले दिवस पाळून. दुकानदारानं हातात दिलेला बिनचिठ्ठीचा डबा घेऊ नका.

तोडणी आणि बाजार

मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. म्हणून त्या संध्याकाळी उमलणारी, पूर्ण वाढलेली, टपोरी पांढरी पण मिटलेली कळी त्याच दिवशी पहाटे तोडायची. हिरवट कळी तोडली तर ती उमलतच नाही, आणि उमललेलं फूल बाजारात पोचेपर्यंत तपकिरी पडतं. ऊन चढण्याआधी तोडणी उरकायला हवी. कळ्या वेताच्या किंवा बांबूच्या टोपलीत केळीच्या पानावर पातळ पसरा, वर ओलसर फडकं झाका. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबल्या की त्या तापतात आणि काळ्या पडतात.

मोगरा छोट्या शेतकऱ्याला कसा आधार देतो ते पाहायचं असेल तर पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड-जव्हार भागात पाहावं. हा डोंगराळ आदिवासी भाग. भातकापणी झाली की पूर्वीपासून इथली कुटुंबं पोटासाठी वीटभट्टीवर आणि शहरात बांधकामावर जात आली. पोरांची शाळा तिथंच तुटते. ज्यांच्याकडे थोडं पाणी होतं अशा अनेकांनी काही गुंठ्यांत मोगरा लावला. पहाटे तोडलेल्या कळ्या मुंबईला दादरच्या फुलबाजारात जातात. जे महिने गाव सोडून जाण्याचे, त्याच महिन्यांत मोगरा फुलतो, म्हणून घरी राहायला कारण मिळालं.

दक्षिणेतही तसंच आहे. मदुराईच्या मल्लीला, म्हणजे तिकडच्या मोगऱ्याला, २०१३ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. कर्नाटकात उडुपीजवळच्या शंकरपुरात घरोघरच्या परसात मल्लिगे लावतात आणि त्यावर कितीतरी कुटुंबांचा संसार चालतो. तिथं फुलं वजनावर विकत नाहीत, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवून मोजून विकतात.

जाता जाता भगिनींसाठी एक शब्द. मोगऱ्याची तोडणी बहुतेक घरी बायाच करतात. पहाटे चारला उठून, ओल्या पानांत हात घालून, पाठ वाकवून. मग हिशेबाची वहीही त्यांच्याच हाती असू द्या. एका साध्या वहीत तारीख, तोडलेल्या कळ्यांचं वजन, मिळालेला भाव आणि अडत-वाहतुकीचा खर्च रोज लिहा. कोणत्या भागाची छाटणी कधी केली तेही लिहा. दोन वर्षांची वही समोर ठेवली की कोणत्या पंधरवड्यात छाटलेल्या झाडांनी जास्त पैसा दिला ते आपल्या रानापुरतं आपल्याला कळेल. हे कुणी दुसरा सांगू शकत नाही, कारण पाणी आपलं वेगळं, माती वेगळी आणि बाजारही वेगळा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. कळी नव्या फुटीवर येते. नवी फूट आणणं हेच आपलं काम.

२. दिवसाला सहा तास ऊन, पाण्याचा निचरा आणि नुसत्या युरियाला आवर.

३. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरअखेर आधी ताण, मग दीड फुटावर छाटणी, मग खत आणि हलकं पाणी.

४. मळ्याचे तीन भाग करून टप्प्यानं छाटणी.

५. प्रत्येक बहारानंतर शेंडे खुडा, थोडं खत द्या, पाणी द्या.

६. किडक्या कळ्या वेगळ्या पिशवीत गोळा करून नष्ट करा.

७. टपोरी मिटलेली कळी पहाटे तोडा आणि वही लिहा.

यंदा नोव्हेंबर सरला की परसातल्या त्या उंच, हिरव्या, फुलं न देणाऱ्या झुडपाजवळ धारदार कात्री घेऊन जा. पाणी तोडा, छाटा आणि शिमग्यापर्यंत धीर धरा. पहिली परडी देवाला वाहा, आणि ती वाहिल्यावर शेंडे खुडायला मात्र विसरू नका.